मागे वळून बघायचं नाही

दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलेला निळ्या काचांचा स्पोर्टी चष्मा रविवारी आपण घालायचा, असं चष्मेवाल्यांनी शनिवारी दुकान बंद करताना ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

आता तो चष्मा विकायचा नव्हता, नुसता दाखवायचा होता. म्हणजे काचांना नंबर नव्हता. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांना मात्र भरपूर होता. (दिवसभर गिऱ्हाइकांना 'खालची ओळ वाचा बघू' म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःला वरची ओळसुद्धा पाठ म्हणूनच वाचता यायची. ही गोष्ट दुकानाबाहेर गेली नव्हती, तेच बरं.) पण बायकोच्या मागे सायकलवरून जायचं, तर जरा रुबाब नको का? शिवाय बघायचं काय, तर बायकोची पाठ! इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती ओळखायला नंबर कशाला लागतो?

बायको हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर होती. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. अशा बाईने एका संध्याकाळी, 'दूध संपलंय' म्हणावं त्या सुरात सांगितलं, "अहो, मी मॅरेथॉन पळणार आहे." त्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. नऊ वाजता दिवे बंद. फ्रीजमधला बर्फ सरबतासाठी नाही, गुडघ्यांसाठी. खिडकीत कुंड्यांच्या जागी बूट. जेवताना पायाच्या काळ्या पडलेल्या नखाचा विषय निघाला, तरी कुणी 'शी' म्हणायचं नाही.

तयारीत सगळ्यात अवघड काय, यावर घरात रोज चर्चा चाले. मुलगी म्हणे, गजर. बायको म्हणे, गजर बंद केल्यानंतर उठणं. चष्मेवाले मनातल्या मनात म्हणत, तेलाशिवायची भाजी. पण तोंडातून ब्र काढत नसत. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी त्यांची कंबर धरली होती आणि तीन महिने ते लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून होते. तेव्हा या बाईने त्यांना उठवलं, बसवलं, अंघोळ घातली. रोज कामावर जायच्या आधी खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवले, आणि एकदाही 'हुश्श' केलं नाही. ते उपकार कसे फेडावेत, हे चष्मेवाल्यांना कळत नव्हतं. तोंडाने बोलायची सोय नाही. समोर उभं राहून 'तुझे आभार' म्हणायला गेलं की त्यांच्या तोंडून 'चहा टाकतेस का?' असंच बाहेर पडायचं.

म्हणून ते दर रविवारी मुलीच्या सायकलवर पाणी, केळी आणि टॉवेल घेऊन बायकोच्या मागे निघायचे. घंटीच्या खुणा त्यांनीच ठरवल्या होत्या. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की केळं, तीनदा म्हणजे शाब्बास. त्यांचा स्वभाव मुळातच कौतुकाचा असल्यामुळे घंटी बहुतेक तीनदाच वाजायची.

आजचा रविवार मात्र साधा नव्हता. आज तीस किलोमीटर. पळणाऱ्यांच्या गटाच्या कोचने बजावलं होतं, "आज तीस पूर्ण करतील तेच शर्यतीला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला यायचं." बायको याआधी दोनदा अर्ध्यात थांबली होती. दुसऱ्या वेळी तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडली होती. काल रात्री तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

कोचचा दुसरा नियम म्हणजे मागे वळून बघायचं नाही. जो बघेल त्याला एक किलोमीटर जास्त. आणि सगळ्यांना एकसारखे पोपटी टी-शर्ट, लांबून ओळखू यावेत म्हणून.

मैदानावर शिट्टी झाली. पोपटी थवा सुटला. चष्मेवाले बायकोच्या हलत्या वेणीमागे निघाले. दहाएक किलोमीटर सगळं छान चाललं होतं. मग एका खड्ड्यात सायकल उडाली आणि केळी रस्त्यावर. चष्मेवाले उतरले, चाचपत चाचपत त्यांनी केळी गोळा केली (एक केळं म्हणून उचललं ते कुणाचा तरी हातमोजा निघाला), आणि वर बघितलं तर समोर पोपटी पाठ, तीच वेणी. जिवात जीव आला. त्यांनी टांग मारली आणि गाठलंच.

दोनदा घंटी. पुढून हात मागे आला. त्यांनी केळं ठेवलं. केळं गेलं. पुन्हा दोनदा घंटी. पुन्हा हात, पुन्हा केळं. आज भूक चांगली आहे, म्हणून त्यांना बरं वाटलं. आणि काय पळत होती! त्यांचा ऊर भरून आला. समोर तोंड नाही, नुसती पाठ. बोलायला याहून चांगली वेळ कधी मिळणार?

"ऐक," ते धापा टाकत म्हणाले, "तोंडावर मला बोलता येत नाही. पण तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं."

पाठ जरा वेगात गेली.

"माझ्या पायांत मोजे घालायचीस तू! मी विसरलो नाही!"

पाठ आणखी वेगात गेली. चष्मेवाल्यांनी जीव खाऊन पायडल मारले. "अंघोळसुद्धा घातलीस! कोण करतं इतकं?" आणि भावना अनावर होऊन त्यांनी सलग नऊ वेळा घंटी वाजवली.

असं करत करत मैदान आलं. फाटकातून आत शिरताना चष्मेवाल्यांनी सहज कडेच्या झाडाकडे बघितलं. झाडाखाली कुणीतरी पाय पसरून बसलं होतं, आणि तिथून ओळखीचा आवाज आला, "अहो, इकडे!"

बायको झाडाखाली. मग ते कुणाच्या मागे होते?

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोपटी पाठ नळाकडे गेली, तेवढ्यात ते सायकल टाकून झाडाकडे धावले.

"झाले तीस?" त्यांनी घाबरत विचारलं.

"झाले!" बायकोचा चेहरा नुसता उजळला होता. मग तिने नजर खाली केली. "ऐकलंत ना सगळं?"

"हो तर! शब्दन् शब्द."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"मान्य," चष्मेवाले म्हणाले. "एकदम मान्य."

बायकोचे डोळे भरून आले. "खरंच? मला वाटलं, तुम्हाला फार लागेल. घंटी वाजेना तेव्हाच समजले मी, की यांच्या मनाला लागलं."

आपण काय मान्य केलं, याचा चष्मेवाले विचार करत होते, तोच मागून गटातली दातांची डॉक्टर आली. पोपटी टी-शर्ट, तीच वेणी. सोबत कोच.

"हेच ते!" डॉक्टरीण म्हणाली. "कोच, तुम्ही ठेवलेला माणूस चांगला आहे हो, पण फार बोलतो. पाच केळी चारली मला! आणि म्हणे, मी त्यांना मोजे घातले, अंघोळ घातली. वळून बघायची बंदी, मग काय करणार? पळत सुटले. माझा इतका चांगला टाइम आजवर आला नव्हता!"

बायकोने चष्मेवाल्यांकडे बघितलं, मग त्यांच्या निळ्या चष्म्याकडे. तिने तो काढून स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला. आणि मग तिला जे हसू फुटलं, ते कोचने पाणी पाजलं तरी थांबेना.

"म्हणजे मी एकटी पळले?" ती म्हणाली. "मागे कुणी नव्हतं?"

"कुणी नव्हतं," चष्मेवाले मान खाली घालून म्हणाले. "माफ कर."

"अहो, माफ काय! मी एकटी पळले!" तिने हे कोचला सांगितलं, डॉक्टरणीला सांगितलं, झाडालाही सांगितलं असतं. मग तिने चष्मेवाल्यांचा हात धरला. "आणि मोज्यांचं तुम्ही अजून लक्षात ठेवलंयत?"

चष्मेवाल्यांना समोरासमोर बोलता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. तिने त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या.

"पण तू काय बोललीस ते तर राहिलंच," ते म्हणाले. "आणि वाटेत पाण्याचं काय केलंस?"

"कोचने वाटेत मांडलेल्या टेबलावर प्यायले. तुमच्याच हातचं पाणी घेऊन हे बोलायचं, बरं दिसेना. निम्मा रस्ता मी तुमचे आभारच मानत होते हो. इतक्या पहाटे उठता, बर्फ काढून ठेवता, बिनतेलाचं गपगुमान जेवता. असा नवरा शोधून सापडणार नाही, असंही म्हणाले."

"असं म्हणालीस?" चष्मेवाले म्हणाले. हे शब्द मोकळ्या रस्त्याने ऐकले आणि आपण ऐकले नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटलं. "आणि उरलेला निम्मा रस्ता?"

"मुद्द्यावर येत होते. की शर्यतीच्या दिवशी तुम्ही घरीच थांबा. तुमच्या घंटीने माझं डोकं उठतं. दोनदा मी दमून नाही थांबले, त्या घंटीला कंटाळून थांबले." आणि मोठा निःश्वास टाकून ती म्हणाली, "तुम्ही मान्य केलंत, बाई सुटले! सगळे मला विचारतात, तयारीत सगळ्यात अवघड काय. त्यांना काय सांगणार? तुम्हाला हे कसं सांगायचं, तेच."