आत तेच ओसरीत

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आपण टीव्हीत दिसणार, हे नामाजींनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी लोक त्यांना लांबून बघूनच "मंगळवारी, साडेसहाला" असं म्हणायला लागले. महिन्यापूर्वी टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं त्यांच्या शेळ्या बघायला आली होती. नामाजी त्यांच्यासमोर तासभर बोलले. काय बोलले ते मात्र त्यांना आठवत नव्हतं. कॅमेरा समोर आला की आपलं तोंड आपल्या ताब्यात राहत नाही, असं ते पुढं स्वतःच सांगत.

गावात त्यांना विचारून आजवर कुणी एक शेळीसुद्धा घेतली नव्हती. शेजारचे पुंजाजी तर म्हणायचे, की टीव्हीवाले शेळ्या दाखवतील, नामाजीला काटून टाकतील. म्हणून नामाजींनी सगळ्या गल्लीला घरी बोलावलं. एकदा लोकांनी डोळ्यांनी बघितलं की शेळ्यांच्या बाबतीत आपला शब्द चालणार, असा त्यांचा हिशेब होता.

अडचण बसण्याची होती. पुरुष ओसरीत बसणार, बाया आत. आणि टीव्ही आतल्या खोलीत. त्यावर थोरल्या मुलानं, प्रभूनं तोड काढली. तो हिंगोलीला टीव्ही-पंख्यांच्या दुकानात कामाला होता. आतला टीव्ही तसाच ठेवून त्यानं घरात पडून असलेला दुसरा, जुना टीव्ही ओसरीत मांडला आणि दोन लहान डब्या आणल्या. डिशचं खोकं आतच राहणार. त्याच्यावर जे लागेल ते आतली डबी वाऱ्यावर सोडणार आणि ओसरीतली डबी ते झेलणार. मधे वायर नाही. शिवाय रिमोट दोन, एक आत आणि एक ओसरीत.

"बा, एवढं ध्यानात ठेवा," प्रभू म्हणाला. "खोकं एकच हाय. आत लागंल तेच ओसरीत दिसंल. बटन कुणीबी दाबा, दोन्हीकडं बदलंल."

नामाजींनी मान हलवली आणि आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली होती. दोन कळप एका पाणवठ्यावर आले तर घोटाळा होऊ नये म्हणून मेंढरांच्या पाठीवर हुरमुंजाची तांबडी खूण करतात. खूण ज्याची, मेंढरू त्याचं. त्यांनी ओसरीतल्या टीव्हीवर, डबीवर आणि रिमोटवर एकेक तांबडा पट्टा ओढला आणि ते निर्धास्त झाले. आता हा टीव्ही दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही.

मंगळवारी सहालाच ओसरी भरली. नामाजी धुतलेलं धोतर नेसून, तांबड्या पट्ट्याचा रिमोट मांडीवर घेऊन पुढं बसले. साडेसहाला कार्यक्रम लागला. आधी बाभळी दिसल्या, मग शेळ्या, आणि मग खुद्द नामाजी. ओसरीत कौतुकाची कुजबुज झाली. पडद्यावरचा माणूस नामाजींना ओळखीचा वाटला, पण भरवशाचा वाटला नाही.

तो माणूस सांगत होता, "शेळी व्यायच्या वक्ताला रातभर जागावं लागते. म्या जागतो. घरच्या बाईमाणसाला यातलं काई समजत न्हाई."

तेवढ्यात पडद्यावरून नामाजी गेले आणि तिथं मालिकेतली एक सासू रडू लागली.

नामाजींनी बटण दाबलं. पडद्यावर परत नामाजी आले. "करडाला पयल्या अर्ध्या घंट्यात चीक पाजावा. ते बी माझ्याच ध्यानात ऱ्हाते," एवढं बोलून ते पुन्हा गेले आणि रडणारी सासू परत आली.

असं चार वेळा झालं. पुंजाजींनी तंबाखू मळता मळता विचार मांडला, की नामाजी खरं बोलतात तोवर टीव्ही बराबर चालतो, पुढचं त्याला पचत नाही. लोक हसले. नामाजींनी रिमोटमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळाचे घातले. डबीला दोन चापट्या मारल्या. मग प्रभूला माळवदावर डिश हलवायला पिटाळलं. प्रभूनं वरून सांगितलं, की डिश बराबर आहे, तुम्ही एकदा आत जाऊन बघा. एव्हाना ओसरीतल्या अर्ध्या लोकांना त्या सासूचं पुढं काय झालं याची काळजी लागली होती.

बायांच्या घोळक्यात पुरुषानं जायचं नसतं, पण नामाजी गेले.

"इथला बी बिघडला काय?" त्यांनी दारातून विचारलं.

त्यांची बायको पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रिमोट पदराखाली होता. "इथला बराबर हाय," त्या म्हणाल्या. "त्या पांढऱ्या शेळीला व्यायला अडलं व्हतं, त्या राती तुमी कुठं व्हते?"

"बाजारात मुक्काम पडला व्हता."

"मंग टीव्हीत काहून जागून राहिले?"

बायांनी तोंडाला पदर लावले. आता कुठं नामाजींच्या डोक्यात उजेड पडला, की तांबड्या पट्ट्याला या घरात कुणीच भीत नव्हतं. ते खाली नजर करून म्हणाले, "चुकलं माझं. पण शेवटचं तेवढं बघू दे. भाईर सारी गल्ली बसून हाय."

पंचफुलाबाईंनी रिमोट त्यांच्याकडं सरकवला. "घ्या. तुमचं तुमी बगा."

नामाजींनी कार्यक्रम लावला. मुलाखत घेणारे साहेब विचारत होते, की शेळी आज व्यायची हे ओळखायचं कसं. पडद्यावरचे नामाजी म्हणाले, "त्याचं असं हाय..." आणि थांबले. मग मान मागं वळवून त्यांनी हाक मारली, "अवं, ऐकलं का? हे कशावरून समजते?"

आणि गोठ्यातून पंचफुलाबाईंचा आवाज आला. शेपटीच्या दोन्ही अंगाला खड्डे पडतात, कास ताठ होते, शेळी कळपातून बाजूला होऊन माती उकरते. कॅमेरा आवाजाकडं गेला. पंचफुलाबाईंचे हात एका शेळीच्या पोटावरून फिरत होते, आणि त्या शांतपणे दोन मिनिटं बोलत राहिल्या.

पंचफुलाबाई स्वतःकडं बघतच राहिल्या. बाहेरून पुंजाजींनी विचारलं, "वैनी, आमच्या कबऱ्या शेळीला उद्या जरा हात लावून बगता का?"

"सकाळी आणा," त्या म्हणाल्या.

पडद्यावरचं चित्र थांबलं आणि त्यांच्या हातांखाली पांढरी अक्षरं उमटली.

"अवो, खाली काय लिवलंय?" पंचफुलाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. नामाजींनाही वाचायला पन्नाशीत, रात्रीच्या वर्गाला जाऊनच आलं होतं. त्यांनी अक्षरांवरून सावकाश नजर फिरवली. लिहिलं होतं, 'माहिती : श्री. नामाजी, शेळीपालक.'

"पंचफुलाबाई," त्यांनी वाचलं. "शेळीपालक."

सून रागिणी दहावी झालेली होती. तिनं एकदा पडद्याकडं आणि एकदा सासऱ्यांकडं बघितलं, आणि ती गप्प राहिली. पण ओसरीतले पुंजाजीही थोडं शिकलेले होते. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय होती.

"मा... हि... ती," बाहेरून आवाज आला. "श्री. ना..."

नामाजींनी बटण दाबलं. घरात आणि ओसरीत एकदमच सासू रडू लागली.

"आता काहून बदललं?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"म्या न्हाई बदललं," नामाजी म्हणाले. "डबीतच बिघाड हाय."