प्रल्हादभाऊंचा कोहळ्याचा पाक

प्रल्हादभाऊंच्या बंडीच्या खिशात खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली असते. तुम्ही त्यांच्यासमोर काहीही प्यायला घेतलंत, कॉफी, दूध, अगदी फोडणीचं ताकसुद्धा, की बाटली बाहेर येते आणि तुम्ही नको म्हणायच्या आत पेल्यात चमचाभर तपकिरी पाक पडतो. मग गुडघ्यांवर हात ठेवून ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. "घाई करू नका," ते सांगतात. "कोहळ्याले बोलू द्या."

ताकात कोहळं काय बोललं, ते मी इथे लिहीत नाही.

बदली होऊन केनवडच्या शाळेत आलो तेव्हापासून ते माझे शेजारी. लाल भोपळ्याला इकडे कोहळं म्हणतात. गावाबाहेर भाऊंचा तीन एकरांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मिरची, टमाटे सगळं पिकतं, पण बाकीच्या भाज्यांबद्दल ते आदरानं बोलतात आणि कोहळ्याबद्दल मायेनं. बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं कोहळं उचलून आपटल्यासारखं खाली ठेवलं, तर त्याला ते विकत नाहीत. शेजारी बसलेल्या बायकोला, कमलाबाईंना, हळूच सांगतात, "याले दोडके दे."

मागच्या हिवाळ्यात दोघं आठ दिवस पुण्याला मुलाकडे राहून आली. तिथे एका मोठ्या दुकानात भाऊंना कोहळ्याच्या नावाची विलायती कॉफी प्यायला मिळाली. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप हातात घेऊन थेट काउंटरवर जाऊन विचारलं, की यात कोहळं कुठे आहे. तिथल्या माणसानं समजावलं, की यात कोहळं नसतं. परदेशात कोहळ्याच्या गोड पदार्थांत जो मसाला घालतात, तेवढाच असतो.

ही हकीकत भाऊंनी मला वीसदा तरी सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवट तोच. "सर, पत्रिकेवर नाव कोहळ्याचं, अन् मांडवात त्यालेच बोलावलं नाई."

परत आल्यावर त्यांनी खरं कोहळं असलेला पाक करायचं मनावर घेतलं. पहिल्या खेपेला कोहळं उकडून गुळासकट मिक्सरमधून काढलं. कॉफीच्या तळाशी असा गाळ बसला की चमच्यानं खावी लागली. दुसऱ्या खेपेचा पाक घट्ट झाकण लावून खिडकीत ठेवला. उन्हाळा तोंडावर आलेला. चौथ्या दिवशी पाक आंबला आणि झाकण उडून छपराच्या टिनाला लागलं. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या कमलाबाईंनी मान न वळवता म्हटलं, "घ्या. बोललं तुमचं कोहळं."

मग गूळ दुधाशी भांडायला लागला. गरम दुधात पाक पडला की दूध फाटायचं. भाऊ दोन दिवस विचारात होते. शेवटी नाइलाजानं साखरेवर आले, गूळ फक्त रंगापुरता ठेवला. कोहळं उकडायच्या ऐवजी निखाऱ्यावर भाजायला लागले. त्यानं त्याचं पाणी आटतं आणि वास गोड होतो, हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी वर्गात मुलांना म्हणतो तसं मान हलवून 'बरोबर' म्हणालो. भाजलेला गर साखरेच्या पाकात शिजवायचा, दालचिनी, सुंठ, दोन लवंगा घालायच्या, खाली उतरवल्यावर जायफळ किसायचं, आणि मग मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचं. कापड पिळायचं नाही. पिळलं की गढूळ होतं. आपोआप ठिबकू द्यायचं, आणि तोवर शेजारी बसून राहायचं. हे बसून राहणं त्यांनी कृतीचा भाग धरलं होतं.

चव बघायला सगळं गाव होतं. रिसोडच्या एसटीचा कंडक्टर, पोस्टमन, भजनी मंडळ. लोक हसायचे, पण प्यायचे, आणि एप्रिलपर्यंत हसणं थांबलं. पाक खरंच उत्तम झाला होता. आधी दालचिनी लागायची, मग सुंठ, आणि घोट गिळून झाल्यावर सावकाश, भाजलेल्या कोहळ्याचा तो धुरकट गोडवा. मी कॉफी न पिणारा माणूस, रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर हजर व्हायला लागलो.

जवळच्या मालेगावच्या एका हॉटेलवाल्याच्या कानावर गेलं. तो येऊन, दोन कप पिऊन, दर महिन्याला वीस बाटल्या द्या म्हणाला. भाऊंनी हात जोडून नाही म्हटलं. मी त्यांना बरंच समजावलं. एवढी मेहनत घेतली, आता चार लोकांना मिळू द्या म्हटलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले आणि मळ्यात पाणी द्यायचंय म्हणून उठून गेले.

ते गेल्यावर कमलाबाई ओसरीवर येऊन बसल्या. त्यांनी जे सांगितलं, ते वीस वेळच्या हकिकतीत एकदाही आलं नव्हतं.

मुलानं लग्न केलं ते त्याच्या ऑफिसातल्या बंगाली मुलीशी. भाऊ लग्नाला गेले नाहीत. चार वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. पुण्याला गेले तेही कमलाबाईंनी हट्ट धरला म्हणून. सासरे कोहळं पिकवतात एवढंच त्या पोरीला ठाऊक. म्हणून तिनं कुठून तरी ते दुकान शोधलं, सुट्टी काढली, आणि त्यांना मोठ्या हौसेनं तिथे नेलं. भाऊंनी सगळ्यांदेखत काउंटरवर जाऊन हुज्जत घातली.

"थे तिथी हासली," कमलाबाई म्हणाल्या. "पण घरी आल्यावर मले इचारते, माँजी, बाबा को मेरा किया कुछ भी अच्छा नहीं लगता क्या. हे दाराआड उभे. सगळं आयकलं. गावाले आले अन् दोन दिवस जेवले नाईत. तिसऱ्या दिवशी कोहळं भाजाले घेतलं."

जुलैत गावातला एक जण पुण्याला निघाला, तेव्हा भाऊ कागद-पेन घेऊन माझ्याकडे आले. चिठ्ठी हिंदीत हवी होती. सुनेचं नाव शर्मिष्ठा. ते त्यांना नीट म्हणता येईना. दोन-तीनदा जीभ अडखळली, मग त्यांनी माझ्याकडून ते हळूहळू म्हणवून घेतलं आणि स्वतःशी पुटपुटत राहिले. मी 'शर्मिष्ठा बेटी' असं लिहून पुढचं विचारलं. ते पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. एरवी कोहळ्यावर तासभर बोलणारा माणूस. शेवटी म्हणाले, "फ्रिज में रखना, लिहा. अन् लिहा, इसमें कद्दू है."

चिठ्ठी घेऊन आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो, आणि ती बांधायला त्यांनी बाटली पुढे केली. कोपऱ्यात मोठ्या चार भरलेल्या दिसत होत्या आणि ही वीतभर. मोठी का देत नाही, मी विचारलं.

"मोठी देल्ली तं लवकर संपन काय?" ते म्हणाले. "संपली म्हंजे पोरगी घ्याले येईन."

ती पोळ्याला, दोन दिवस आधीच आली. दुपारच्या गाडीनं येणार, हे भाऊंना आदल्या दिवशीच फोनवर कळलं होतं. मी शाळेला निघालो तेव्हा सकाळची पहिली गाडी नुकतीच गेली होती, आणि धुतलेलं धोतर नेसून प्रल्हादभाऊ फाट्यावर बसले होते.