बनुबाई कशानं गेल्या?

फोटो कशाला म्हणतात हे आख्ख्या भिंगारमध्ये एकट्या मला कळतं. हे गर्वानं नाही, वैतागून सांगतोय. शाळेत गणित शिकवून उरलेला सगळा वेळ मी कॅमेऱ्याला देतो आणि लोक मला विचारतात काय, तर "सॅम्युएल सर, पासपोर्ट साइज काढता का?"

यंदा मी एक प्रयोग ठरवला होता. वर्षभर रंगीत फोटो काढायचा नाही. फक्त कृष्णधवल. रंग हे चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम, माणसाचा खरा चेहरा काळ्यापांढऱ्यातच दिसतो. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो बघून माझी बायको प्रार्थना एवढंच म्हणाली, "केक नासल्यासारखा दिसतोय." घरात कलावंताला किंमत नसते, हे काही नवीन नाही.

पण दिवाळी झाल्यावर पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात मला बनुबाई दिसल्या. वय सत्तर. मुलगा राधाकृष्ण, सून, दोन नातवंडं, सगळं बिऱ्हाड ऊसतोडणीसाठी कोपरगावला निघालं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या बोचक्यावर बसून त्या मागे गावाकडे बघत होत्या. मी नुसता चेहरा टिपला, सुरकुती न् सुरकुती. फोटोला नाव दिलं 'प्रस्थान'. नगरच्या स्पर्धेत तो शेवटच्या बारांत निवडला गेला! सात वर्षांत पहिल्यांदा. अट एकच होती: फोटोतल्या व्यक्तीचं संमतीपत्र, सही नाहीतर अंगठा, शनिवारपर्यंत. नसेल तर फोटो बाद.

गुरुवारी रजा टाकली. बनुबाईंची टोळी कोपरगावात नेमकी कुठे उतरलीय, हे त्यांच्या गावातच कळणार होतं. त्यांना भेट म्हणून फोटोची मोठी प्रत केली, छानशी काळी चौकट बसवली आणि ती मांडीवर घेऊन पाथर्डीहून जीपमध्ये बसलो.

शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांनी चौकटीकडे पाहिलं आणि टोपी काढली. त्यांचं नाव सहादेव. ते त्याच गावचे, महिनाभर लेकीकडे राहून परत निघालेले.

"ह्या तर आमच्या बनुबाई," ते म्हणाले. "गेल्या व्हय?"

"हो, गेल्या की," मी म्हणालो. स्वतःच्या गावातलं यांना माहीत नाही, याचं मला नवल वाटलं.

"कुठं? कोपरगावला?"

"कोपरगावलाच."

"कशानं?"

"ट्रॅक्टरनं."

सहादेवांनी कपाळाला हात लावला. "अन् पोरगं? सून?"

"सगळे एकाच ट्रॅक्टरनं. नातवंडंसुद्धा."

"शेळी हुती त्यास्नी एक."

"ती तर सगळ्यांच्या आधी. मी तिथंच उभा होतो, डोळ्यांनी पाहिलंय."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. सहादेवांनी राधाकृष्णला फोन लावला, तो बंद होता. मग त्यांनी तोंडावर हात धरून गावात दोन-चार फोन केले. मला वाटलं, आपण येतोय हे कळवताहेत. माणसं साधी असली तरी त्यांना पाहुण्याची कदर असते.

आणि कदर म्हणजे काय! गावात उतरलो तर बनुबाईंच्या बंद घरापुढे शंभरेक माणूस. कोणीतरी अदबीनं माझ्या हातातला फोटो घेतला, ओट्यावर पाटावर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. माझ्या फोटोला हार! नगरमध्ये मोठ्या मोठ्या प्रदर्शनांना गेलोय, पण कलेचा असा मान मी कुठे पाहिला नव्हता.

"सर, दोन शब्द बोला," सहादेव म्हणाले.

मी बोललो. म्हटलं, "त्या गेल्या त्या सकाळी फार सुंदर प्रकाश होता. त्यांनी एकदाच वळून गावाकडे पाहिलं, आणि तो क्षण मी कॅमेऱ्यात धरला." बायका हुंदके देऊ लागल्या. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तर चौकटीवर डोकं टेकून ढसाढसा रडत होते. हे बनुबाईंचे दीर, काकासाहेब. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं, असं मागून कोणीतरी कुजबुजलं. एक फोटो माणसाला एवढा हलवू शकतो, हे आमच्या स्टाफरूममधल्या लोकांनी बघायला हवं होतं.

तेवढ्यात काकासाहेबांनी डोळे पुसत मला विचारलं, "सर, दहावा हितंच करावा का?"

"कोणाचा?"

"वहिनीचा. अन् समद्या बिऱ्हाडाचा."

मी ओरडलो, "अहो, त्या ऊस तोडायला गेल्यात! ट्रॅक्टरमध्ये बसून!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मग काळा फोटो कशापायी आनला?" एक बाई कडाडल्या. "जित्त्या मान्साचा असा फोटो कोन काढतं?" मी कृष्णधवल छायाचित्रणाची परंपरा समजावून सांगायला तोंड उघडलं आणि कोणाच्या तरी हातातली काठी बघून मिटलं. चूक माझी कशी, हे मला अजूनही पटलेलं नाही. 'गेल्या' म्हणजे गेल्या, मराठीतच बोललो होतो मी!

राधाकृष्णचा फोन आला तो त्याच वेळी. फोन बंद ठेवून उसाच्या फडात गेला होता, सुरू करतो तर सत्तावीस मिस कॉल. सहादेवांनी स्पीकर लावून सगळं सांगितल्यावर बनुबाईंनी फोन घेतला.

"कोन कोन आलंय?"

"समदं गाव."

"रडलं कोन?"

सहादेव नावं सांगू लागले. एकेका नावाला बनुबाई "व्हय का," म्हणत होत्या. काकासाहेबांचं नाव मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मी पुढे होऊन फोन मागितला. लाजलज्जा सोडून संमतीपत्राचं बोललो.

"अंगठा न्हाई मिळनार," त्या म्हणाल्या. "हितं शंभर रडली. तिकडं नगरात हजार रडवता का? म्या जित्ती हाय!"

मी गयावया केली. सात वर्षं सांगितली, शनिवार सांगितला. नाही म्हणजे नाही. शेवटी काकासाहेबांनीच माझ्या हातातून फोन घेतला. घसा खाकरला, दोनदा.

"वहिनी, द्या की अंगठा. सरांचं काम हाय."

बनुबाई म्हणाल्या, "भावजी, तुमी म्हनताय म्हनून देते. पर फोटोचं नाव म्या सांगीन."

मी हो म्हणालो. दुसरं काय करणार? ती चौकट काकासाहेबांनी ठेवून घेतली, हार मात्र काढला. शुक्रवारी कोपरगावला जाऊन अंगठा आणला आणि अर्जावरचं 'प्रस्थान' माझ्याच हातानं खोडलं.

पुढच्या आठवड्यातल्या प्रदर्शनात माझ्या फोटोपुढे हीऽ गर्दी. मी हरखून जवळ गेलो, तर लोक फोटो बघतच नव्हते. खालची पाटी वाचून हसत होते. 'बनुबाई जित्ती हाय. कोपरगावला ऊस तोडतीय. रडू नये.'

रविवारी निकाल लागला. परीक्षकांनी लिहिलं होतं: छायाचित्र सर्वसाधारण, शीर्षकासाठी खास उत्तेजनार्थ पारितोषिक, विजेत्या श्रीमती बनुबाई. विजेत्या फडात असल्यानं त्यांच्या वतीनं प्रमाणपत्र घ्यायला मंचावर मला बोलावलं. टाळ्या कडाडल्या. हातात पुष्पगुच्छ देताना पाहुण्यांनी मला आपुलकीनं विचारलं, "आपण बाईंचे कोण?"