बिनआवाजाची पिकअप

"रविवार संध्याकाळपर्यंत ही बया तोंड मिटेल, नाहीतर मी स्वतःला पाणीवाला म्हणवून घेणार नाही!" असं पाणीवाल्याने बायकोसमोर, पिकअपसमोर आणि हातातल्या पान्यासमोर जाहीर केलं.

बया म्हणजे पंचवीस वर्षांची पिकअप. किल्ली फिरवली की डबाभर खिळे घेऊन कुणी जिन्यावरून गडगडत यावं, तसा आवाज! मिस्त्रीने इंजिनाला कान लावून निदान केलं होतं, "टायमिंग चेन ढिली झालीय. ज्या दिवशी दात सोडेल, त्या दिवशी इंजिन गेलं समजा." इंजिन गेलं म्हणजे घरोघर पोचवायचे पाण्याचे रोजचे साठ जार गेले. आणि गल्लीत नव्याने पाणी विकू लागलेला टेम्पोवाला त्या साठ घरांवर टपून बसलाच होता.

"मग मिस्त्रीकडेच द्या ना," बायको म्हणाली.

"तो चार दिवस ठेवून घेईल! मी फोनवर सगळं पाहिलंय. सोपं आहे."

सोपं होतंच. रेडिएटर निघाला, पुली निघाली, पुढचं झाकण निघालं आणि पाणीवाल्याच्या अंगठ्याचं नखही निघालं. चेनच्या दातेरी चाकांवरच्या जुळवायच्या खुणा दिसेनात, म्हणून त्या बायकोच्या नेलपॉलिशने रंगवल्या. नवी चेन बसवून गाडी सुरू केली, तर ती दमेकऱ्यासारखी खोकली. एक दात चुकला होता!

"अहो, सोडा आता."

"मरेन, पण हिला गप्प करीन!"

पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. या वेळी इंजिन इतकं शांत, की ते सुरू आहे का हे बघायला बायकोने बॉनेटवर हात ठेवला.

"अगंबाई, चालू आहे की!"

सोमवारी पाणीवाला राजासारखा निघाला. पहिल्या फाटकाशी थांबला. कुणी येईना. दुसऱ्याशी थांबला. तिथेही शुकशुकाट. साठ जार घेऊन गेलेला माणूस अठ्ठावन्न घेऊन परत आला.

मंगळवारी उलगडा झाला. गल्ली त्या खडखडाटावर रिकामे जार बाहेर काढत होती! आवाज नाही म्हणजे पाणीवाला नाही, आणि पाणीवाला नाही म्हणजे टेम्पोवाल्याला फोन.

त्याने हॉर्न वाजवला. हॉर्न सगळेच वाजवतात, कोण बघतंय? मग त्याने हाक मारली, "पाणीऽऽ!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी धावत खाली आल्या, हातात भरलेला पेला. "प्या हो, प्या. किती वेळ उन्हात उभे आहात!"

तो प्यायला. करतो काय!

"नऊ घरं गेली," बायको म्हणाली. "दारोदारी बेल मारत बसलात, तर साठ जारांना संध्याकाळ होईल. आता?"

"आता आवाज काढायचा!"

बुधवारी पाणीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि पोटातून सूर लावला, "खडखडखड खाड! खडखडखड खाड!" मागे जारांमध्ये उभी राहून बायकोने साथ धरली, "चर्रर्र! चर्रर्र!"

पटापट दारं उघडली. जार बाहेर आले. सोडून गेलेल्या नऊपैकी सात घरं परत आली!

शेवटच्या फाटकाशी पोचेपर्यंत पाणीवाल्याचा घसा पार बसला होता. तिथल्या आजींनी जार पुढे केला, क्षणभर गाडीकडे पाहिलं आणि मायेने म्हणाल्या,

"बाबा, एक सांगू? हल्ली फारच आवाज करते रे ही. तेवढी चेन बदलून घे."