जपानी डेकमधले आबा

“आता मी जे सांगणार आहे ना, त्यावर तुझा विश्वास बसणार नाही. तुझाच काय, माझासुद्धा बसला नव्हता!”

देवचंद नानांनी अशी सुरुवात केली की पिंप्राळ्यातली जाणती माणसं चपला शोधू लागायची. पण भाचा दीपक धुळ्याहून आलेला, पाहुणा! त्यात तो भिडस्त. बसला बिचारा.

नानांची नोकरी अमळनेरला एका तेलाच्या मिलमध्ये, वजनकाट्यावर झाली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल त्यांनी चोख मोजला. स्वतःचं बोलणं मात्र कधी काट्यावर चढवलं नाही. नाना खोटं बोलत असं म्हणवत नाही. जे घडायचं राहून गेलं, ते नाना सांगत, एवढंच!

आज मात्र नानांच्या जिवावर बेतलं होतं. दारात टेम्पो उभा होता. टेम्पोचा ड्रायव्हर हिलाल खांद्यावर दोरी टाकून उंबऱ्यात उभा होता. आणि कोपऱ्यात, माथ्यावर मेजपोस घेऊन, नानांचा जपानी डेक उभा होता. कमरेएवढे दोन स्पीकर, मधे काळी काच, आणि काचेआड दिव्यांच्या उभ्या रांगा. गाणं लागलं की रांगा हिरव्या हिरव्या वर चढायच्या, ठेका जोरात आला की शेंड्याला लाल पेटायच्या. एके काळी हे दिवे बघायला जामनेरहून माणसं यायची. (हे नानांचं म्हणणं. आले असतील दोघेतिघे.)

तर हा डेक धुळ्याला जाणार होता. भिकुबाई अक्कांनी, म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीनं, दीपकच्या आईनं, तो मागितला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आल्या होत्या. पुरणपोळी आणि आमरस पोटात गेल्यावर म्हणाल्या, “नाना, आपले आबा जाईपर्यंत या डेकपुढे बसायचे. आता तो नुसता धूळ खातोय. माझ्या देवपुरातल्या नव्या घरात ठेवू दे.” आणि नाना, भरल्या पोटी, सगळ्या भाऊबंदांसमोर छाती फुगवून बोलून गेले, “ने, अक्का! तुझ्यापेक्षा डेक मोठा आहे का?”

बोलून गेले आणि तेव्हापासून झोप गेली.

“मामा, टेम्पोचं भाडं चढतंय,” दीपक हळूच म्हणाला. “उचलायचा का?”

“उचल ना! मी कुठे नाही म्हणतो? मी शब्दाचा माणूस. पण उचलण्याआधी एक ऐकून ठेव. उद्या तुझ्या घरात काही झालं, तर मामानं सांगितलं नाही असं नको.”

हिलालनं खांद्यावरची दोरी खाली ठेवली. “काय व्हवाव शे, नाना?”

नानांनी खिडकीचा पडदा ओढला. बाहेर श्रावणाचं आभाळ भरून आलेलं, आत एकदम अंधारलं.

“तुझे आजोबा, आपले आबा, ठार बहिरे होते, हे तुला माहीत आहे ना, दीपक? कापसाच्या जिनिंगच्या मशिनींनी कान खाल्ले त्यांचे. पण रोज दुपारी या डेकपुढे बसायचे. दिवे बघून गाणं ऐकायचे! हिरवे हिरवे चालले की म्हणायचे, भजन आहे. लाल पेटले की म्हणायचे, कुणाची वरात निघाली? आवाज कधी कानात गेला नाही त्यांच्या. त्यांचं गाणं म्हणजे हे दिवे.”

हे खरं होतं. नानांच्या गोष्टीत पहिला घास नेहमी खरा असायचा.

“आता ऐक. आखाजीला आबांच्या नावानं आगारीवर, चुलीतल्या निखाऱ्यांवर, घास टाकला. अक्का धुळ्याला गेली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी या खाटेवर पडलेलो. बाहेर असं ऊन, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही! डेक चालू होता, पण आत कॅसेट नाही. आवाज शून्यावर. आणि त्या काचेत एक दिवा लागला.”

“एकच?” हिलालनं विचारलं.

“एकच. हिरवा. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. सावकाश चढले, सावकाश उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. झोपलेल्या माणसाची छाती कशी हलते? तसे! आणि आवाज? टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी म्हटलं, आबा?”

नाना थांबले. स्वयंपाकघरात नानांच्या बायकोची, शेवंताबाईंची, भांडीसुद्धा थांबली.

“दिवे उसळले! लाल! दोनदा छोटे, एकदा लांब. दोनदा छोटे, एकदा लांब. दीपक, आबांचा खोकला आठवतो तुला?”

आबांचा खोकला सगळ्या खानदेशाला आठवत होता. खूं खूं, आणि मग तो लांबलचक खूंऽऽऽ.

“मी आवाज वाढवून भजनाची कॅसेट घातली. भजन मोठ्यानं सुरू झालं, आणि दिवे? मेलेले! एक लागेना! कॅसेट बंद केली, की पुन्हा दिवे नाचायला लागले. मी गाणं लावलं की अंधार, बंद केलं की नाच! म्हणजे आपल्याला ऐकू येतं ते गाणं त्यांना नकोच. त्यांचं आतलं वेगळंच काही चाललं होतं. तेवढ्यात मांजर आलं—”

“आपल्याकडे मांजर कधी होतं?” आतून शेवंताबाई.

“शेजारच्या रूपाचं! तुम्ही चहा टाका! तर मांजर दारात आलं आणि थिजलं. त्याची मान अशी हळूहळू फिरली. दारापासून खाटेपर्यंत. कुणीतरी चालत गेल्यासारखी! आणि मान फिरत होती तसे दिवे, एकेक पावलाला एकेक टप्पा. खाटेपाशी येऊन थांबले. माझ्या उशापाशी! सुतळी कचकन वाजली आणि खाट एवढी खाली दबली! मांजराची शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी झाली आणि ते जे पळालं, ते आजतागायत आमच्या गल्लीत नाही.”

“मी नही हात लावाव, भो!” हिलाल उंबऱ्याबाहेर सरकला. “मना घर लेकरेबाळे शेतस!”

नानांना आतून उकळ्या फुटत होत्या. हिलाल गेला म्हणजे निम्मा डेक वाचला! पण गोष्टीचा एक दुर्गुण असतो, ती सांगणाऱ्यालाही ओढत नेते. आपण खाटेवर बसलोय, खाटेची सुतळी खरंच सैल आहे, आणि कोपऱ्यातली ती काच आपल्याकडेच बघतेय, हे नानांच्या लक्षात आलं.

आणि काचेत लाल ठिपका लागला!

“आबा!” नाना ओरडले आणि त्यांनी दीपकचा हात इतका जोरात धरला की घड्याळाचा पट्टा तुटला. हिलाल टेम्पोत चढून बसला होता. ठिपका हलेना, डुलेना, नुसता रोखून बघत राहिला.

“काय झालं ओरडायला?” चहाचे कप घेऊन आलेल्या शेवंताबाई म्हणाल्या. “डासांचं मशीन लावलंय मी पलीकडे. त्याचा दिवा दिसतोय काचेत. आणि आबा खरंच आले असतील तर विचारा, माझ्या शिलाई मशीनला तो कोपरा कधी रिकामा होणार?”

नानांनी कपाळ पुसलं. चहाचा घोट घेतला. पण आता माघार कसली! दीपकच्या हातावर काटा उभा होता, नानांनी स्वतः बघितला. आता शेवटचा घाव!

“बायकांना कळत नाही या गोष्टी,” ते कुजबुजले. “दीपक, मी अक्काला दिलेला शब्द मोडणारा माणूस नाही. आषाढात मीच डेक पाठवायला काढला. या खाटेवर ठेवला, गोधडीत गुंडाळला. आणि गोधडी आतून लाल झाली! धप, धप, धप! काळीज गुंडाळून ठेवल्यासारखी! मी आत हात घालून बटण बंद केलं. तरी धप, धप! मग भिंतीकडे धावलो आणि ओढून प्लग उपटला. प्लग माझ्या हातात, वायर लोंबतेय, आणि दिवे? शेंड्याला जाऊन टेकले! लालभडक! खाली उतरायचं नावच नाही! शेवटी मी पाया पडलो. म्हटलं, आबा, नाही पाठवत! धुळ्याला नाही पाठवत तुम्हाला! तेव्हा कुठे एकेक दिवा विझला.”

लांब रेल्वेची शिटी वाजली तीसुद्धा रडल्यासारखी. दीपक किती तरी वेळ डेककडे बघत राहिला. नानांनी डोळ्यांना उपरणं लावलं, आणि उपरण्याआडून दीपककडे पाहिलं.

“म्हणजे आबांनाच जायचं नाही,” दीपक म्हणाला.

“मी कोण अडवणारा? आणि डेक गेला असता तर माझी सवयच मोडली असती. आता रोज दुपारी लावतो, आबांपुढे बसतो. एक दिवस चुकवत नाही!”

“रोज?”

“रोज! त्याच्याशिवाय भाकरी गोड लागत नाही मला.”

“आणि तो प्लग, मामा, तुम्ही स्वतःच्या हातानं उपटला?”

“या हातानं! निखाऱ्यासारखा गरम! हा बघ, इथे अजून डाग आहे.”

दीपकनं डाग नीट बघितला. कप खाली ठेवला. मग, मोठ्यांशी बोलताना खाली बघायची त्याची सवय होती तसा खाली बघत, पण टेम्पोतल्या हिलाललाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला,

“मामा, तो प्लग वायरीसकट आखाजीपासून धुळ्याला आमच्या कपाटात आहे. निघताना आईनंच डेकच्या मागून उपसून पिशवीत टाकला. म्हणाली, बघू, नानाला कधी कळतं ते!”