हरणाऱ्याचे वडील

मांडवीच्या हसनचाचांनी आयुष्यात टेनिसचा एकही अंतिम सामना पाहिला नाही. ते स्पर्धेला सोमवारी पोहोचत आणि पहिली फेरी संपली की एसटी पकडून रत्नागिरीला परतत. स्पर्धाही कोणत्या, तर ज्यांची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची असते आणि ऐनवेळी जाहिरात आली तर तीही उडते.

ती उडवण्याचं काम माझ्याकडे होतं. २००० सालच्या आसपास मी रत्नागिरीतल्या एका दैनिकात क्रीडा पान लावत असे. चाचा संध्याकाळी कार्यालयात येत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि टेनिसचा निकाल छापणार ना, असं विचारत.

“आज जागा नाही, चाचा. भारताची वनडे आहे.”

“वनडेचं माझ्यावाचून अडलंय काय?”

“अहो, पण या चार ओळी वाचणार कोण?”

“मी वाचीन. आणि ज्याचं नाव हाय, त्याची आय वाचील.”

“ती चंदिगडला राहते.”

“मग मी एकटा वाचीन. छापा.”

मी छापत असे.

‘माझ्यावाचून अडलंय काय’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. मोठ्या सभांबद्दल, उरुसाच्या गर्दीबद्दल, टीव्हीवरच्या मोठ्या टेनिसबद्दलही ते हेच विचारत आणि घरी बसत.

चाचांनी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक करण्यात घालवली. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. कुठल्याशा परदेशी बंदरात ते पाय मोकळे करायला उतरले, तेव्हा एका मैदानात दोन पोरं टेनिस खेळत होती. पंच होता, प्रेक्षक नव्हते. “त्यातला एक पडला,” चाचा सांगत. “उठला नि चारी बाजूंना बघितलान. पडल्यावर माणूस बघतोच, कोण हाय काय. मी होतो.” चाचांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ते वाजवत होते.

त्यांचे दोन नियम होते. खेळाडूशी बोलायचं नाही, कारण त्याचं ध्यान मोडतं. आणि टाळी मागे पडलेल्याला वाजवायची. पुढे असलेल्याला तिची गरज नसते.

अशा स्पर्धांना खेळाडूंच्या आईवडिलांखेरीज कोणी फिरकत नाही. त्यामुळे संयोजक खुर्ची देताना चाचांना विचारत, “आपला मुलगा कोणता?” चाचा हरत असलेल्याकडे बोट दाखवत. एकदा हरणारा मुलगा कोरियाचा होता. चाचांनी त्याच्याकडेही बोट दाखवलं. खुर्ची मिळाली.

या सगळ्यात एका मुलावर मात्र त्यांचा जीव होता. सोलापूरचा निनाद. त्यानं इंजिनिअरिंग सोडलं होतं. जागतिक क्रमवारीत नाव लागायला एक गुण लागतो आणि तो मुख्य स्पर्धेतली एक फेरी जिंकल्यावर मिळतो. निनादला तो चार वर्षं मिळत नव्हता. हा हंगाम शेवटचा, नंतर चुलत्याच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरल्याचं चाचांनी मैदानावरच्या गप्पांत ऐकलं होतं. हंगामातली शेवटची स्पर्धा घाटावरच्या एका शहरात होती. चाचांनी मला सुट्टी काढायला लावली.

पहिल्या फेरीत समोर दिल्लीचा मुलगा होता. पहिला सेट निनाद हरला. चाचांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. दुसरा त्यानं जिंकला, तिसऱ्यात तो पुढे गेला. आणि घोळ तिथे झाला. दिल्लीचा मुलगा मागे पडला होता. त्यानं एक सुंदर फटका मारला आणि चाचांचे हात सवयीनं वाजले. मग पुन्हा वाजले.

“चाचा, निनाद खेळतोय,” मी म्हणालो.

“ठाऊक हाय. हात ऐकत नायत.”

निनादच्या दोन सर्व्हिस ओळीनं चुकल्या. तो पंचाकडे गेला. “सर, त्याच्या वडिलांना तिथून उठवा. पहिल्या सेटपासून हेच चाललंय. त्या टाळ्यांनी माझं लक्ष उडतं.”

दिल्लीचा मुलगा पलीकडच्या टोकाला तोंड पुसत होता. त्याच्यापर्यंत हे पोहोचलं नाही. पंचानं चाचांकडे पाहून नुसते हात जोडले. मी उठून बोलणार, तोच चाचांनी माझा दंड धरला. ते उठले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. तिथून मैदान दिसत नव्हतं. ते पंचाचा आवाज ऐकत राहिले. एकेका गुणाला त्यांचे ओठ हलत होते. हात मात्र त्यांनी खिशात घातले होते.

निनाद जिंकला.

थोड्या वेळानं तो टाकीवर बाटली भरायला आला. चाचांना पाहून ओशाळला.

“सॉरी, काका. तुमच्या मुलाविरुद्ध माझं काही नाही.”

“ते राहू दे. घरी फोन केलास?”

“नाही अजून.”

“मग जा बाबा. आधी फोन लाव.”

तो गेल्यावर मी म्हणालो, “चाचा, तुम्ही त्याच्यासाठी आलात हे सांगायला काय हरकत होती?”

“आणि त्याला काय वाटलं असतं? आपल्याच माणसाला उठवला म्हणून मन खात राहिलं असतं त्याला. आज त्याचा दिवस हाय.”

एसटीडी बूथ फाटकाशेजारीच होता. आम्ही तिथवर आलो तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि निनाद मोठ्यानं बोलत होता. “मिळाला, बाबा. हो, मिळाला.”

चाचा थांबले. त्यांनी बंडी नीट केली, चपलेचा पट्टा नीट केला, मग करण्यासारखं काही उरलं नाही तरी थांबले. आतला आवाज बंद झाल्यावर ते म्हणाले, “चला.”