एल्क, दोन दुर्बिणी आणि लग्नाचं जेवण

"ट्रुडीच्या लग्नात पाहुण्यांना एल्क खाऊ घालणार! मी मारलेला एल्क! आणि तोही हजार यार्डांवरून!"

वेंडेल स्ट्रॉपने भर जेवणात जाहीर केलं. समोर होणारे व्याही ऑगस्ट हाल्वर्सन बसले होते. मोंटानाच्या त्या टापूत त्यांच्याएवढी गुरं कुणाचीच नव्हती.

"कशाला दगदग, वेंडेल? आपल्या गोठ्यातला एक बैल कापू की!"

"मुलीचा बाप मी आहे ना? मग जेवण माझं!"

लोर्नाने टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर लाथ हाणली, पण उशीर झाला होता. आता एल्क, म्हणजे सांबरापेक्षाही थोराड असं ते हरीण, पडला नाही, तर पाहुण्यांना उकडलेले घेवडे वाढायचे आणि जन्मभर व्याह्यांसमोर मान खाली घालायची!

तसा वेंडेल नशीबवान. कित्येक वर्षं हुलकावणी दिल्यावर यंदा सोडतीत त्याला नर एल्कचा परवाना लागला होता. प्रश्न होता फक्त रायफलीचा. घरची जुनी रायफल दोनशे यार्डांपलीकडे बघायलाही तयार नव्हती.

तो बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदार डीन म्हणाला, "साडेसहा मिलिमीटरची घे. धक्का कमी, नेम पक्का."

मेहुणा व्हर्जिल हे ऐकून हसून हसून बेजार झाला. "साडेसहा? एल्कला गुदगुल्या करायच्यात का, भाऊजी? तीनशे मॅग्नम घ्या!"

"मॅग्नम खांदा उतरवेल," डीन म्हणाला.

"खांदे दोन असतात," व्हर्जिल म्हणाला.

मग दुर्बिणींवरून जुंपली. इतक्या लांबून मारायचं म्हणजे चकती फिरवून नेम वरखाली करायचा, आणि ते मोजायची मापं दोन. डीन 'मिनिट'वाला होता. कोनाचं मिनिट, घड्याळाचं नव्हे, हे समजायलाच वेंडेलचा एक रविवार गेला. व्हर्जिल कट्टर 'मिल'वाला. एका मिलमध्ये जवळजवळ साडेतीन मिनिटं मावतात, हे दोघांनीही वेंडेलला सांगितलं. त्याने दोघांपुढेही मान डोलावली. डोक्यात काडीचंही शिरलं नाही.

शेवटी कुणाचंच मन मोडू नये म्हणून त्याने तोडगा काढला. रायफल व्हर्जिलच्या पसंतीची, तीनशे मॅग्नम. तिच्यावरची दुर्बीण डीनच्या पसंतीची, भोपळ्याएवढी! आणि लोर्नाने शेजारी बसून गोळी कुठे लागते ते बघायचं, त्यासाठी तिपाईवरची दुर्बीण पुन्हा व्हर्जिलच्या पसंतीची. घरात शांतता नांदली.

मोसम उघडला. नारिंगी जाकिटं चढवून नवराबायको पहाटे कड्यावर पोटावर पडले. दरीपलीकडे, खडकाच्या भिंतीखाली, साक्षात लग्नाचं जेवण चरत होतं. घोड्याएवढा नर, झाडाएवढी शिंगं!

"नऊशे यार्ड," वेंडेल कुजबुजला. त्याने चकती फिरवली, श्वास रोखला. धाड!

"वर गेली," लोर्ना म्हणाली. "खडकावर लागली. दोन खाली घे."

वेंडेलने दोन खाली घेतलं. धाड!

"अजून वरच! मी दोन म्हटलं ना?"

"दोनच घेतलं!"

"मग घे आणखी दीड."

धाड! एल्कच्या डोक्यामागे खडकाचा पुन्हा टवका उडाला.

"वेंडेल, तू चकती उलटी फिरवतोयस का?"

"तुला दुर्बिणीतून दिसतंय तरी का? दोन काय? दोन कशाचे?"

"मला काय माहीत? इथे रेघा आहेत, दोन रेघा!"

"कसल्या रेघा?"

"बारीक रेघा! व्हर्जिल म्हणाला होता, मिल की काय..."

वेंडेलने चकतीवरचे आकडे पाहिले. त्याची चकती तर मिनिटांत फिरत होती! आता मिनिटांचे मिल करायचे, की मिलची मिनिटं? साडेतीनने गुणायचं, की भागायचं? त्याने बोटांवर हिशेब केला. लोर्नाने तिच्या बोटांवर केला. दोन्ही उत्तरं वेगळी आली आणि भांडण इतकं रंगलं की एल्ककडे बघायचंच राहिलं.

एल्कही बिचारा गोंधळलेला. मागच्या खडकावर कडाड, कडाड आवाज होतोय म्हणजे संकट मागे आहे, असं समजून तो पुढे पळाला. दरीत उतरला, ओढा ओलांडला, आणि सुरक्षित जागा शोधत थेट या कड्यावर चढला!

"वेंडेल," लोर्ना एकदम कुजबुजली. "हलू नकोस. उजवीकडे बघ."

वीस पावलांवर एल्क आडवा उभा होता. धापा टाकत, खडकाकडे मान वळवून. वेंडेलने हळूच रायफल वळवली, दुर्बिणीला डोळा लावला, आणि त्याच्या जगात फक्त केस उरले. सगळीकडे तपकिरी, धूसर केस!

"मी काय बघतोय?" तो रडकुंडीला आला.

"ढुंगण! डावीकडे सरक."

"माझं डावं की त्याचं?"

"तुझं, गाढवा! आता पोट आलं. अजून थोडं. पुढचा पाय... त्याच्या मागे... थांब! मार!"

त्या भोपळ्यात डोळा घुसवूनच वेंडेलने घोडा दाबला. मॅग्नमचा धक्का खांद्याला बसला, दुर्बिणीची कड भुवईवर आदळली आणि तो उताणा पडला. "लागली का?" त्याने आभाळाला विचारलं.

"दोघांनाही लागली," लोर्ना म्हणाली.

लग्नात जेवण झकास झालं. पाहुण्यांनी बोटं चाटली. ट्रुडीने बापाच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा वेंडेलला खरोखर भरून आलं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मात्र त्याच्या भुवईवर लालभडक चंद्रकोर होती, आणि त्या मंडपातल्या एकूण एक शिकाऱ्याला ती कशाची, हे ठाऊक होतं.

हाल्वर्सन तिसऱ्यांदा ताट भरून आले. "मानलं, व्याही! किती लांबून पाडलात?"

वेंडेल खाकरला. "ते कसंय, मापं दोन असतात. मिनिटांत सांगू, की मिलमध्ये?"

"या टेबलापासून त्या केकपर्यंत," लोर्ना म्हणाली.

सगळ्यांनी वळून केककडे पाहिलं. वेंडेलनेही पाहिलं. केक जरा मागे ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं त्याला वाटलं.